तातौ (सामोआ)

तातौ म्हणजे दक्षिण प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवरचे ठोकून काढायचे गोंदण. आपल्याकडची गोंदणारीण सुई टोचून ठिपके उमटवते. सामोआत दातेरी फणी कातडीवर टेकवून तिच्या दांड्यावर काठीचे ठोके देतात. ‘टॅटू’ हा शब्द याच पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत बेटांवरच्या, भाषाकुळातला. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावरच्या लोकांनी १७६९ मध्ये तो ताहितीत ऐकला.

पुरुषाच्या गोंदणाला पेआ म्हणतात. ते कमरेपासून गुडघ्यापर्यंत दाट काळे असते. स्त्रीचे मालू मांड्यांवर, विरळ आणि नाजूक. मालू म्हणजे आसरा, संरक्षण.

दंतकथेत तायमा आणि तिलाफाइगा या जुळ्या बहिणी फिजीहून ही विद्या घेऊन पोहत निघाल्या. ‘बायकांना गोंदा, पुरुषांना नको’ असे गाणे त्या घोकत होत्या. वाटेत शिंपल्यासाठी बुडी मारली आणि वर येताना शब्द उलटले. १८३० पासून आलेल्या मिशनऱ्यांनी ही प्रथा मोडू पाहिली. इतर अनेक बेटांवर ती खंडित झाली, सामोआत मात्र टिकली. त्याचे श्रेय प्रामुख्याने सुआ आणि तुलौएना या घराण्यांतल्या तुफुगांना, म्हणजे गोंदणकारांना जाते.

फणीला आउ म्हणतात. रानडुकराच्या सुळ्याला दात पाडून तो कासवाच्या कवचाच्या पट्टीला बांधतात आणि पट्टी लाकडी दांड्याला. रेघांसाठी अरुंद फणी, काळे भरायला रुंद. शाई जंगली अक्रोडाच्या काजळीची. सुळा नीट निर्जंतुक होत नाही, म्हणून आता पोलादी दातही वापरतात.

माणूस चटईवर आडवा होतो. मदतनीस दोन्ही बाजूंनी कातडी ताणतात आणि रक्त टिपत राहतात. कौशल्य ठोक्याइतकेच या ताणण्यात आहे: कातडी सैल राहिली की दात घसरतात, रेघ तुटक येते. ठोका खोल गेला तर शाई पसरते आणि वण उठतो, उथळ पडला तर काळेपणा लवकर फिकटतो. पाठीवरच्या ‘वाआ’पासून, म्हणजे होडीच्या आकारापासून सुरुवात होते आणि बेंबीवरच्या ‘पुते’ने शेवट. दररोज कित्येक तास बसूनही पेआला अनेक दिवस लागतात. दिवसाचे काम संपले की अंग धुऊन गोंदलेला भाग चोळतात. दुखते म्हणून हे टाळले तर सूज बळावते.

पेआ हे शौर्याचे पदक नव्हे. ते सेवेचे, तौतुआचे, व्रत आहे. ‘अधिकाराची वाट सेवेतून जाते’ ही सामोअन म्हण याच भावनेतली. म्हणूनच अर्धवट सोडलेल्या गोंदणाला ‘पेआ मुतु’ म्हणतात आणि ती लाज साऱ्या कुटुंबाची ठरते. वेदना एकट्याने सोसावी लागू नये म्हणून जोडीदाराबरोबर, ‘सोआ’बरोबर, गोंदून घेण्याची रीत आहे. काम पुरे झाले की ‘सामागा’ विधीत डोक्यावर अंडे फोडतात, अंगाला हळद-तेल चोळतात. त्यानंतर तो पुरुष ‘सोगाइमिती’ म्हणवला जातो.