मुलांच्या घोडेस्वारीचे ‘फायदे’ आले कुठून?

तोल सुधारतो, पाठ ताठ होते, चित्त थाऱ्यावर येतं… मुलांच्या घोडेस्वारी शिबिराच्या पत्रकात हल्ली ही यादी असतेच. मांड पक्की व्हावी म्हणून पोरांना लहानपणीच घोड्यावर घालायची रीत आपल्याकडे जुनी. पण तिच्यामागे लढाई होती, तब्येत नव्हे. आजच्या यादीचं मूळ निरोगी मुलांच्या रपेटीत नाहीच.

ते पोलिओत आहे. १९४४ मध्ये डेन्मार्कच्या एका घोडेस्वार बाईंना गरोदरपणात पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करवून घेण्याच्या प्रकाराचं रौप्यपदक मिळवलं. (तोवर या प्रकारात फक्त लष्करी अधिकारीच उतरू शकत. १९४८ मध्ये जिंकलेलं सांघिक सुवर्ण स्वीडनला परत करावं लागलं होतं, कारण त्यांचा एक स्वार खरा अधिकारीच नव्हता! नियम नंतर बदलला, म्हणून या बाईंना संधी मिळाली.) पुढच्या काही वर्षांत नॉर्वे आणि इंग्लंडमध्ये अपंग मुलांना घोड्यावर बसवणारी केंद्रं निघाली. १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे देशपातळीवरच्या संघटना उभ्या राहिल्या.

गुंता इथून सुरू होतो. या मुलांचा घोडा कुणाच्या ताब्यात, उपचार करणाऱ्याच्या की स्वारी शिकवणाऱ्याच्या?

चालत्या घोड्याची पाठ खाली-वर, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते. तिच्यावर बसलेल्याची कंबर साधारण माणूस चालताना हलावी तशी हलते. ज्या मुलाला स्वतः चालता येत नाही त्याच्या कमरेला ही हालचाल आयती मिळते. हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर, उभी आहे ती एवढ्यावरच. तिच्यात मूल घोडेस्वारी शिकत नाही. लगाम त्याच्या हातात नसतोच. एक जण घोडा धरून चालवतो, दोन्ही बाजूंनी एकेक माणूस मुलाला सावरत चालतो. खोगिराऐवजी बहुधा जाड घडी आणि मुठीचा पट्टा असतो, म्हणजे घोड्याच्या अंगाची ऊब आखडलेल्या मांड्यांपर्यंत पोचते. थेरपिस्ट मुलाला कधी उलट्या तोंडाने बसवतो, कधी घोडा थांबवून पुन्हा चालायला लावतो आणि मूल धड कसं सावरतं ते बघतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे उपचारात्मक घोडेस्वारीत, प्रशिक्षक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे खरोखरच स्वारी शिकवतो.

अमेरिकेतल्या थेरपिस्टांनी १९९२ मध्ये वेगळी संघटना काढली. त्यांचं म्हणणं, हिप्पोथेरपी हा स्वतंत्र उपचार नाही. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपी करणाऱ्याचं ते एक साधन आहे. यात तत्त्व होतं, तसा व्यवहारही होता. तिथल्या बऱ्याच विमा कंपन्या हिप्पोथेरपीला ‘प्रायोगिक’ म्हणून पैसे नाकारतात. फिजिओथेरपीचं बिल मात्र चालतं. प्रशिक्षकांना हे झोंबणं साहजिक होतं. २०२१ मध्ये दोन्हीकडच्या जाणकारांनी मिळून परिभाषा ठरवली: घोडा आला की लगेच ‘थेरपी’ म्हणायचं नाही, एकूण प्रकाराला ‘सेवा’ म्हणायचं. माझ्या मते हे तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. तोवर दोन्हीकडचे फायदे एकाच यादीत मिसळले आणि ती यादी धडधाकट मुलांच्या क्लासच्या पत्रकात जाऊन बसली.

चाचण्यांचे निकाल पत्रकांपेक्षा सावध आहेत. ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या ४ ते १२ वर्षांच्या ९९ मुलांवर दहा आठवड्यांची चाचणी झाली. २००९ मध्ये निकाल आला: शरीराच्या हालचालींत ठळक फरक नाही. २०१५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत ६ ते १६ वर्षांची १२७ स्वमग्न मुलं होती. निम्मी घोड्यावर बसली. बाकीची तबेल्यातच, पण घोड्याशिवाय घोड्यांबद्दल शिकली. बसणाऱ्यांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, बोलण्यातले शब्दही वाढले. मला हा अभ्यास अधिक पटतो, कारण मोकळी हवा आणि माणसांचा सहवास दोन्ही गटांना सारखाच होता.

आपल्याकडे बहुतेक मुलं पहिल्यांदा घोड्यावर बसतात ती माथेरानला किंवा पाचगणीच्या टेबललँडवर, घोडेवाल्याच्या भरवशावर. ती मजा आहे, तिला थेरपी म्हणायचं कारण नाही. हौसेने शिकणाऱ्या मुलाची मांड आणि तोल सरावाने सुधारतो, त्याला कुठल्या चाचणीची गरज नाही. पण डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला बसवण्याआधी मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी लागते. तिथे अस्थिरता असेल तर जबाबदार केंद्रं त्याला घोड्यावर घेतच नाहीत. पत्रकात हे छापलेलं नसतं, तेव्हा फी भरण्याआधी विचारावं.