व्युत्पत्ती, प्रतिमा आणि संदर्भातून इंग्रजी शब्दसंग्रह

शब्द आणि अर्थ अशा जोड्या घोकत बसण्याऐवजी शब्द कुठून आला ते बघायचं, त्याचं एखादं चित्र मनात उभं करायचं आणि तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्यही लक्षात ठेवायचं, अशी ही शिकण्याची पद्धत. तिन्ही गोष्टी बहुतेक जण एकत्रच वापरतात, पण तिन्हींवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही.

व्युत्पत्ती इंग्रजीत इतकी कामाला येते कारण १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आणि नंतर प्रबोधनकाळात थेट लॅटिन-ग्रीकमधून शब्दांची प्रचंड भर पडली. 'स्पेक्ट' म्हणजे बघणं हे एकदा कळलं की इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, प्रॉस्पेक्ट एका कुटुंबातले वाटायला लागतात. पण सारखं दिसणारं सगळं एका घरातलं नसतं, पेडल आणि पेडेस्ट्रियन लॅटिनमधल्या पायावरून आलेत तर पेडियाट्रिक्समधला 'पेड' ग्रीकमधल्या लहान मुलाचा.

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण 'सॅलरी'चं, आणि तेच वादाचं. लॅटिन 'सालारियुम'चं 'साल' म्हणजे मिठाशी नातं आहे हे साधारणपणे मान्य आहे. रोमन सैनिकांना पगार मिठातच मिळायचा, असं मात्र कुठलाही प्राचीन लेखक स्पष्ट सांगत नाही. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ.स. ७९) हा शब्द मिठाशी जोडतो, सैन्यातल्या मानसन्मानाचाही उल्लेख करतो, पण मीठ वाटलं जायचं असं म्हणत नाही. मीठ विकत घ्यायला दिलेला भत्ता हे स्पष्टीकरण बऱ्याच कोशांत आहे, तोही बहुधा नंतरच्या अभ्यासकांचा तर्कच, त्यामुळे नातं मान्य करून कारण मोकळं ठेवणंच जास्त सुरक्षित वाटतं. शिकणाऱ्याला गोष्टीमुळे शब्द पक्का बसतो हे खरंय, फक्त ती गोष्ट म्हणूनच सांगावी, इतिहास म्हणून नाही. शिवाय मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे, 'नाइस' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी असा होता.

प्रतिमेच्या बाजूने पुरावा बराच ठोस आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन आणि सहकाऱ्याने १९७५ मध्ये 'कीवर्ड' पद्धत मांडली: नव्या शब्दासारखा ऐकू येणारा ओळखीचा शब्द घ्यायचा आणि दोघांना एका चित्रात बांधायचं. १२० रशियन शब्दांच्या प्रयोगात या गटाला ७२ टक्के आठवले, ही पद्धत न वापरणाऱ्या गटाला ४६, सहा आठवड्यांनी अनुक्रमे ४३ आणि २८, म्हणजे विसरणं दोन्हीकडे आहेच. मराठीतून इंग्रजी शिकताना 'मीगर'साठी (अपुरं, तुटपुंजं) उपाशी, हाडं दिसणारी मगर डोळ्यासमोर आणता येते, योगायोगाने हा शब्द खरंच 'कृश' अर्थाच्या लॅटिन 'माकेर'वरून आलाय.

संदर्भाबद्दल मतं वेगळी आहेत. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या कामानुसार मजकूर मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. वाचनाच्या अभ्यासक आयझाबेल बेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की काही वाक्यं तर चुकीच्या अर्थाकडेच नेतात. म्हणून अंदाज आधी वाक्यावरून बांधावा, कोशात तपासावा आणि मग मुळाकडे जावं, हा क्रम जास्त पटतो.

'पुट अप विथ'सारख्या (सहन करणं) फ्रेजल व्हर्ब्जना, म्हणजे क्रियापदाला छोटे शब्द जोडून बनलेल्या क्रियापदांना, मूळ शोधायची युक्ती फारशी लागू पडत नाही, ती वाक्यांतून पुन्हापुन्हा भेटूनच बसतात.