बाटलीवरचं १:२ आणि आतली रचना
(चांदी-फॉस्फिन संकुलं घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

या संकुलांत चांदीला ट्रायफेनिलफॉस्फिन (फॉस्फरस असलेला रेणू, पुढे नुसतं ‘फॉस्फिन’) जोडलेलं असतं. लेबलावर आम्ही चांदीचा क्षार आणि ट्रायफेनिलफॉस्फिन यांचं गुणोत्तर छापतो. ते वाचलं की रचनाही कळली, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं.

बनवायला हे पदार्थ सोपे. १:२ नायट्रेटसाठी १.७० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि ५.२५ ग्रॅम ट्रायफेनिलफॉस्फिन गरम ॲसिटोनायट्राइलमध्ये एकत्र करायचं, फ्लास्कला फॉइल गुंडाळायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली तर नुसती पांढरी भुकटी मिळते. हातमोजे घाला, नाहीतर बोटांवरचे काळे डाग बरेच दिवस जात नाहीत. नायट्रेटच्या जागी परक्लोरेट असलेलं संकुल आम्ही विकत नाही. ते स्फोटक ठरू शकतं.

खरी गंमत स्फटिकात आहे. १:२ नायट्रेटमध्ये एका चांदीला दोन फॉस्फरस आणि नायट्रेटचे दोन ऑक्सिजन धरून असतात, रेणू सुटा राहतो. नायट्रेटच्या जागी क्लोराइड आलं, तर दोन चांदी क्लोराइडच्या पुलांनी जोडलेली सापडतात. आयोडाइडचं १:१ संकुल तर आमचं आवडतं: चार चांदी, चार आयोडीन, चार फॉस्फिन. हाच ऐवज कधी घनाच्या आकारात बसतो, कधी खुर्चीच्या. घनात प्रत्येक चांदीला चार शेजारी असतात. खुर्चीत दोन चांदींना तीनच. मूलद्रव्य विश्लेषणाला (कोणतं मूलद्रव्य किती, एवढंच ते मोजतं) हा फरक दिसणारच नाही.

फॉस्फिन वाढतील तशी गर्दी होते आणि बंध लांबतात. एकच फॉस्फिन असेल तर चांदी-फॉस्फरस अंतर साधारण २.४ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग), चार असतील तर २.६ च्या पुढे.

“एनएमआरमध्ये एकच रुंद रेघ येते, माल अशुद्ध आहे का?” हा नेहमीचा प्रश्न. (एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फॉस्फरसच्या अणुकेंद्रांचे संकेत रेघांच्या रूपात टिपणारी चाचणी.) बहुतेक वेळा माल ठीकच असतो. द्रावणात फॉस्फिन चांदीवरून सतत सुटतं आणि पुन्हा बसतं. नमुना पुरेसा थंड केला की रेघ फुटते, चांदीच्या १०७ आणि १०९ या दोन्ही समस्थानिकांमुळे. मात्र २५ ते ३० पीपीएमच्या (रेघेची जागा सांगणारं एकक) आसपास वेगळी टोकदार रेघ दिसली, तर ते फॉस्फिन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडला गेलेलं फॉस्फिन, असण्याची शक्यता मोठी. तेव्हा जरूर कळवा.

क्ष-किरण तपासणीसाठी स्फटिक पाठवताना गाळून वाळवू नका. आतला द्रावक उडाला की ते बघता बघता दुधाळ होतात आणि मोजणी फुकट जाते. ज्या द्रवात वाढले त्यातच राहू द्या, कुपीचं बूच घट्ट लावा, वरून फॉइल गुंडाळा.