केगचे पोस्ट उघडले होते का?

घरच्या बिअरला आंबट वास आला की पहिला फोन आम्हाला, म्हणजे बिअर करण्याचं सामान विकणाऱ्या दुकानाला, येतो. फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) चव छान होती, केगमध्ये (दाब सहन करणाऱ्या स्टीलच्या पिंपात) भरली, पहिले आठ-दहा दिवस झकास गेले आणि तिसऱ्या आठवड्यात ग्लासाला ताकाचा वास. "यीस्ट जुनं दिलंत का?" हा पहिला प्रश्न. "केगच खराब निघाला, बदलून द्या" हा दुसरा. यावर आमचाही एक ठरलेला प्रश्न आहे आणि तो विचारला की पलीकडे जरा शांतता पसरते: गेल्या वेळी केग धुताना दोन्ही पोस्ट (गॅस आत जायचं आणि बिअर बाहेर यायचं तोंड) उघडले होते का?

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक काढलं ते या एका प्रश्नापायी. बिअर कशी करायची हे तुम्हाला माहीत आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही.

बहुतेक जण काय करतात? केग रिकामा झाला की गरम पाण्याने दोनदा खळबळायचा, स्टार सॅन (जंतुनाशक द्रावण) ओतायचं, झाकण लावून जोरात हलवायचा आणि संपलं. आत टॉर्च मारली तर भांडं लख्ख दिसतं. पण केगमध्ये घाण साचते ती जिथे टॉर्च पोचत नाही तिथे: पोस्टच्या आतला स्प्रिंगवाला पॉपेट (छोटी झडप), डिप ट्यूबची (तळापर्यंत जाणाऱ्या नळीची) मान आणि तिच्याभोवतीची ओ-रिंग (रबरी कडं). प्रत्येक ग्लास याच वाटेने बाहेर येतो. यीस्टचा गाळ, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) चिकटा, प्रथिनांचा पातळ थर, सगळं तिथे बसतं आणि वाळतं.

घरी आई लोणच्याची बरणी कशी तयार करायची ते आठवा. आधी घासायची, मग कडक उन्हात वाळवायची, मग हिंगाची धुरी. मागच्या वर्षीचा खार तळाशी तसाच ठेवून कुणी वरून धुरी दिली असती का? स्टार सॅन ही धुरी आहे. घासण्याचं काम ते करत नाही.

कारण साधं आहे. स्टार सॅन हे आम्ल. ज्या पृष्ठभागाला लागतं तिथले जंतू मारतं, पण थराखाली दबून बसलेल्यांपर्यंत पोचत नाही. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस ही जिवाणू मंडळी तिथे आरामात राहतात. पहिला आंबटपणा आणतो. दुसरा आंबटपणाबरोबर लोण्यासारखा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वासही आणतो. फ्रिजच्या थंडीत त्यांची वाढ मंद असते, म्हणून बिअर लगेच बिघडत नाही, तीन आठवड्यांनी बिघडते. आणि तोवर दोष यीस्टवर गेलेला असतो.

आता धुण्याचं. सर्वांत आधी केगमधला सगळा दाब सोडा. झाकणावरची कडी ओढा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मगच पाना हातात घ्या. बॉल-लॉकच्या (नळ्या जोडायच्या दोन पद्धतींपैकी एक, दुसरी पिन-लॉक) बऱ्याच केगना ७/८ इंची सॉकेट बसतो, काही जुन्यांना ११/१६. साधा पकडीचा पाना वापरू नका, कोपरे झिजतात आणि मग तोच पोस्ट आम्हाला इथे कापावा लागतो. दोन पोस्ट एकमेकांत मिसळू नका: गॅसच्या पोस्टला बहुधा बुडाशी खाचा असतात, बिअरच्या पोस्टला नसतात. पिन-लॉक असेल तर गॅसला दोन पिना, बिअरला तीन.

पॉपेट, दोन्ही ट्यूब (बिअरची लांब, गॅसची आखूड), पाचही ओ-रिंग (झाकणाची एक, पोस्टच्या दोन, ट्यूबच्या दोन) एका पातेल्यात काढा. केगमध्ये आणि पातेल्यातही गरम पाण्यात पीबीडब्ल्यू (धुण्याची पावडर), एका गॅलनला एक औंस, अर्धा तास. पाणी साधारण १३० ते १४० फॅरनहाइट. हे भिजत असताना केगचं झाकण मात्र घट्ट लावू नका. या पावडरीतून ऑक्सिजन सुटतो आणि बंद केगमध्ये दाब चढतो. अर्ध्या तासाने लांब डिप ट्यूबमधून ब्रश आरपार काढा. ब्रशला काय लागून येतं ते एकदा बघा, मग पुढच्या वेळी आठवण करून द्यावी लागणार नाही. मग साध्या पाण्याने भरपूर खळबळा. पीबीडब्ल्यू अल्कधर्मी आहे. ते आत राहिलं तर पुढचं आम्ल त्याच्याशीच झटापट करण्यात खर्ची पडतं.

सगळं पुन्हा जोडून झाल्यावर स्टार सॅनची पाळी. पाच गॅलन पाण्याला एक औंस, जास्त नाही. सगळीकडून ओलं करून दोन मिनिटं ठेवा. मग केग उलटा करून ओतून टाकण्यापेक्षा गॅस लावा आणि बिअरच्या पोस्टमधून ते बाहेर काढा. यात पॉपेट आणि ट्यूब आतून भिजतात, शिवाय केगमधली हवा जाऊन तिथे कार्बन डायऑक्साइड भरतो. हॉप्सचा वास टिकवायचा असेल तर याचा फायदा पहिल्याच ग्लासात कळतो.

फेसाबद्दल. फेस राहिला म्हणून नळाचं पाणी घालून धुऊ नका. हे फार जण करतात, विशेषतः आपल्याकडचे, कारण भांड्यात साबणाचा फेस ठेवायचा नाही हे आपल्या अंगवळणी पडलंय. तो साबण नव्हे. त्यात फॉस्फोरिक आम्ल आहे, जे कोलामध्येही असतं. सांगितलेल्या प्रमाणात असेल तर तो फेस बिअरला काही करत नाही. नळाच्या पाण्याने धुतलंत तर केलेलं काम वाया. विहिरीचं जड पाणी असेल तर मात्र द्रावण लगेच गढूळ होतं. दुकानातलं डिस्टिल्ड पाणी वापरा, त्यातलं द्रावण बाटलीत भरून ठेवलं तर आठवडे पुरतं. गढूळ झालं की टाकून द्या.

ब्लीच नको. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि खड्ड्यांत पुन्हा तीच घाण. थोडंसं आत राहिलं तर बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो. आणि ब्लीच आणि स्टार सॅन एकत्र कधीही नाही. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही चेष्टा नाही.

उलट, उकळण्याचं भांडं सॅनिटाइझ करण्यात वेळ घालवू नका. उकळत्या वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या पाण्यात) काही जिवंत राहत नाही. वर्ट थंड झाल्यानंतर जे जे त्याला लागतं, त्याचीच काळजी.

जुने केग घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आमच्याकडचे बरेचसे केग मूळचे सोड्याचे. पेप्सीवाले बॉल-लॉक, कोकवाले पिन-लॉक. सोडा कंपन्या खोक्यातल्या पिशव्यांकडे वळल्या आणि हे केग आपल्या वाट्याला आले. त्यामुळे रूट बिअरचा वास रबराला असा चिकटलेला असतो की किती धुतलं तरी जात नाही. ओ-रिंग बदलणं हाच उपाय. म्हणून आम्ही विकलेल्या प्रत्येक जुन्या केगमध्ये नव्या ओ-रिंग घालून देतो आणि म्हणून आमचा केग रस्त्यापलीकडच्या यार्ड सेलपेक्षा थोडा महाग पडतो.

केग बदलून मागायला आलात तर आम्ही तो काउंटरवर तुमच्यासमोर उघडतो. काहींना याचा राग येतो, चोरी पकडल्यासारखं वाटतं. तसं नाही. एका गृहस्थांनी तीन वेळा यीस्ट बदललं, एकदा फर्मेंटरही नवा घेतला आणि शेवटी पॉपेटच्या मागे हॉप्सचं एक पान निघालं, काळं पडलेलं. ते आधीच उघडलं असतं तर आमचा धंदा थोडा कमी झाला असता, पण त्यांच्या पंधरा गॅलन बिअरचं काय? आत घाण निघाली तर आम्ही केग साफ करून देतो, त्याचे पैसे घेतो. केगच सदोष निघाला तर बदलून देतो, पैसे घेत नाही.

बिअर लाइनही (केगपासून तोटीपर्यंतची नळी) याच हिशेबात धरा. प्रत्येक केगनंतर पीबीडब्ल्यू आणि मग स्टार सॅन तिच्यातून ओढा. बारमध्ये दर दोन आठवड्यांनी लाइन धुवावी असा या धंद्यातला संकेत आहे. नळी आतून पिवळी दिसू लागली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, नवी घ्या. फुटावर मिळते, कापून देतो.

ब्रश, ओ-रिंगचा सेट आणि पीबीडब्ल्यूचा लहान डबा आम्ही एकत्र बांधून काउंटरजवळ ठेवले आहेत. घ्यायलाच हवं असं नाही. ब्रश मात्र एकदा घ्या, वर्षानुवर्षं चालतो.

पोस्ट उघडायची धास्ती वाटत असेल तर शनिवारी सकाळी केग घेऊन या. पहिल्यांदा आम्ही उघडून दाखवतो, दुसऱ्यांदा तुम्ही उघडा. येताना दाब सोडून आणा. मागच्या शनिवारी आमच्या छताला अर्धा गॅलन स्टाउट लागलं, ते अजून निघालेलं नाही.