रोबोची किट : घेताना आणि घरी ठेवताना

सुटे भाग जोडून करायचा प्लॅस्टिकचा रोबो घ्यायला पहिल्यांदा दुकानात येणारे बहुतेक जण विचारतात, “ह्याला फेविक्विक लागतं का?” लागत नाही, आणि हौसेने लावूही नका. खांदे, कोपर, गुडघे फिरते असतात. गोंदाचा एक थेंब आत गेला की रोबो जन्मभर सावधान स्थितीत उभा. भाग एकमेकांत खटकन बसतात. रंगही द्यावा लागत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक भाग त्याच्या रंगाच्या प्लॅस्टिकमध्येच ओतलेला असतो.

लाकडी खेळण्यांच्या सावंतवाडीत प्लॅस्टिकचे जपानी रोबो विकतो म्हणून आम्ही टोमणे ऐकतोच. पण ही किट म्हणजे धावतपळत खेळायची वस्तू नव्हे. ती स्वतः जोडायची आणि कपाटात मांडायची.

यांतली सर्वांत प्रसिद्ध मालिका गंडमची. १९७९ साली जपानी टीव्हीवर कार्टून आले आणि १९८० मध्ये बंदाई कंपनीने पहिले किट काढले, किंमत ३०० येन. तेव्हा गोंद लागायचा, रंगही घरी द्यावा लागायचा. त्या पहिल्या किटचे १/१४४ हे प्रमाण आजही सर्वांत जास्त चालते. गोष्टीतला रोबो १८ मीटर उंच, म्हणून मॉडेल साडेबारा सेंटीमीटरचे.

बॉक्सवरच्या इंग्रजी अक्षरांनी गोंधळू नका, ती किटची श्रेणी सांगतात. ‘एंट्री ग्रेड’ सर्वांत स्वस्त आणि सोपा. भाग हातानेच सुटतात, हत्यार लागत नाही. २०२० मध्ये आलेला या श्रेणीतला पांढरा-निळा गंडम आम्ही प्रत्येक नव्या माणसाच्या हातात देतो. त्यापुढचा ‘एचजी’, म्हणजे हाय ग्रेड. कपाट भरायचे असेल तर आमच्या मते इथेच थांबावे : किंमत आवाक्यात आणि निवड अफाट. ‘आरजी’ उंचीला तेवढाच, दिसायला त्याहून देखणा, पण भाग बारीक आणि हात लावला की काहीतरी गळून पडते. ‘एमजी’ १/१०० प्रमाणाचा, म्हणून आकाराने मोठा. तो घेण्याआधी कपाटाची खोली मोजून या. ‘पीजी’ त्याहून मोठा आणि किचकट; तो आम्ही मागवून देतो, पण पहिलेच किट म्हणून कोणी मागितले तर आधी समजूत घालतो.

मोठे किट न घेतल्याने वाचलेले पैसे चांगल्या निपरवर, म्हणजे भाग कापायच्या छोट्या पकडीवर, खर्च करा. सगळे भाग एका चौकटीला बारीक दांड्यांनी जोडलेले येतात. तिला रनर म्हणतात. दांडी भागाच्या अगदी अंगाला लावून एका फटक्यात कापली की प्लॅस्टिक ओढले जाते आणि तिथे पांढरा डाग पडतो. गडद निळ्या किंवा काळ्या भागावर तो लांबूनही दिसतो. म्हणून आधी थोडे लांबून कापा, भाग हातात सुटा आला की उरलेले टोक निपरची सपाट बाजू लावून हळूच छाटा, मग ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. एवढे करूनही पुसट पांढरे राहिले तर नखाने जोरात घासून बघा, बरेचसे जाते. जोडणीच्या सूचनांचा कागद जपानीत असतो, पण चित्रे आणि नंबर बघून काम होते. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय पुरा करा. सगळे भाग आधीच कापून ताटात ठेवले, तर ए-१२ आणि ए-२१ नंबरचे भाग ओळखताना रात्र जाते.

आता आपल्या हवेबद्दल. दमटपणाने प्लॅस्टिकला काही होत नाही. बिघडतात ते बॉक्स, कागद आणि स्टिकर, नि गंजतो तो निपर. आगोटीची तयारी करताना निपरला शिलाई मशीनचे तेल पुसून ठेवा आणि रिकामे बॉक्स चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, बुरशी धरतात. कपाटाला काचेचे दार हवे. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा.

पण कपाटात डांबरगोळी अजिबात नको. कपड्यांत ती टाकायची सवय आपल्या घरोघरी आहे, पण तिच्या वाफेने हे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक मऊ पडते, चिकट होते. नेलपॉलिश रिमूव्हरने तर ते विरघळतेच. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन टाळा. पांढरे भाग पिवळे पडतात. किट घेऊन जाताना उन्हात उभ्या गाडीच्या काचेखालीही ठेवू नका, पातळ भाग वाकतात.

चकाकी घालवायला मॅट स्प्रे मारणार असाल तर पावसाळा सरू द्या. दमट हवेत मारलेल्या स्प्रेवर पांढरी साय धरते. थंडीतली कोरडी दुपार बघा.

लहान भाग तोंडात जाऊ शकतात, म्हणून रांगत्या मुलांपासून किट लांब. कपाळावरचा व्ही आकाराचा तुरा सर्वांत आधी मोडतो. पुसताना रोबो डोक्याला धरून उचलू नका.

उघडलेला बॉक्स आम्ही परत घेत नाही. मात्र भाग बसत नसेल तर जोर लावण्याआधी दुकानात घेऊन या. बहुतेक वेळा तो उलटा धरलेला असतो. चतुर्थीच्या सुट्टीत मुंबईहून येणाऱ्यांनी हवे ते किट आधी फोन करून बाजूला ठेवायला सांगावे. गणपती घरी असताना आमचे दुकान बंद असते.