काणकोणची रिकामी खाट

गोव्यातल्या सरकारी इस्पितळांत किती खाटा रिकाम्या, याचे आकडे छापून आले की दोन प्रश्न हमखास येतात. खाटा आहेत, तर रुग्णाला ट्रॉलीवर का ठेवतात? आणि तालुक्याच्या ठिकाणी खाटा पडून असतात, त्या पोसायच्या कशाला? दोन्हींचं उत्तर एकाच गणितात आहे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचे गणिती होते. फोन कधी येईल आणि किती वेळ चालेल हे ठाऊक नसताना लाइनी किती ठेवायच्या, याचं सूत्र त्यांनी 1917 मध्ये मांडलं. लाइनच्या जागी खाट आणि बोलण्याच्या जागी मुक्काम धरला की तेच सूत्र वॉर्डाला लागू पडतं.

आधी सरासरी पाहू. रोज 20 रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येक जण सरासरी 5 दिवस राहत असेल, तर 100 खाटा व्यापलेल्या राहतात. मुक्काम एकाच दिवसाने वाढला की 120. अमावास्येला डिस्चार्ज नको म्हणून अडून बसणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर पाहावं. चंद्राचा जखमेशी काही संबंध नाही, अडलेल्या खाटेचा मात्र बाहेर थांबलेल्या रुग्णाशी आहे.

आता खरी गंमत. एका वॉर्डात 10 खाटा आहेत आणि गरज सरासरी 8 खाटांची आहे. दुसरीकडे खाटा 100, गरज 80. प्रमाण तेच, पण एरलांगच्या सूत्रानुसार पहिल्या ठिकाणी शंभरातल्या 12 रुग्णांना खाट मिळत नाही, तर दुसऱ्या ठिकाणी हजारातल्या जेमतेम 4 जणांना! माणसं एकमेकांना विचारून आजारी पडत नाहीत, आणि अशा स्वतंत्र घटनांचा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमूळाइतका असतो. 8 चं वर्गमूळ 2.8, आणि हाताशी जादा खाटा दोनच. 80 चं वर्गमूळ 9, आणि जादा खाटा 20, म्हणजे चढउताराच्या दुपटीहून अधिक. लहान वॉर्डात परत पाठवण्याचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत आणायचं तर 8 खाटांच्या गरजेसाठी 15 खाटा लागतात. त्यातल्या जवळपास निम्म्या बहुतेक दिवस रिकाम्याच दिसणार. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली किंवा बस उलटली, तर रुग्ण एकदमच येतात आणि या 15 सुद्धा कमी पडतात.

मग सगळ्या खाटा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या इस्पितळात, एकत्र कराव्यात? या सूत्रात अंतर कुठेच नाही. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोण तालुक्यातल्या रुग्णाला मात्र तिथे पोचायला करमल घाट ओलांडावा लागतो. शिवाय मोठं इस्पितळ तरी एकसंध कुठे असतं? बाळंतिणींचा वॉर्ड वेगळा, मुलांचा वेगळा, अतिदक्षता विभाग वेगळा. हृदयविकाराच्या रुग्णाला प्रसूती वॉर्डातली रिकामी खाट उपयोगाची नाही. मोठ्या इमारतीतही अनेक लहान वॉर्डच असतात आणि वर्गमूळाचा नियम प्रत्येकाला वेगळा लागतो.

म्हणून राज्यभराची बेरीज दाखवणाऱ्या चकचकीत डॅशबोर्डाचं मला फारसं कौतुक वाटत नाही. आकडे वॉर्डवार हवेत, आणि त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा हवा: खाट नाही म्हणून त्या दिवशी किती रुग्णांना पुढे पाठवलं.