ब्रांकुसी आणि इंदूरचं न झालेलं मंदिर: पार्श्वभूमी

पुण्यात यशवंतराव होळकर म्हटलं की १८०२ आठवतं: हडपसरची लढाई, पळालेले दुसरे बाजीराव, पाठोपाठ वसईचा तह. इथे विषय त्याच गादीवर पुढे आलेल्या दुसऱ्या यशवंतरावांचा आहे. जन्म १९०८, शिक्षण ऑक्सफर्डला, संस्थान विलीन झालं तेव्हाचे इंदूरचे महाराज. आधुनिक शिल्पकलेच्या इतिहासात त्यांचं नाव टिकलं ते एका न बांधलेल्या मंदिरामुळे. ते मंदिर उभारायला कॉन्स्टंटिन ब्रांकुसी हा शिल्पकार पॅरिसहून थेट इंदूरला आला होता. १९ फेब्रुवारी १८७६ हा त्याचा जन्मदिवस, म्हणजे २०२६ मध्ये दीडशे वर्षं. अशा निमित्तांना इंदूरची गोष्ट हमखास निघते, आणि बहुतेकदा तारखा न पाहता सांगितली जाते.

त्याचं आधीचं आयुष्य थोडक्यात. रुमानियातलं होबित्सा हे गाव, बालपण मेंढ्या राखण्यात आणि लाकूड कोरण्यात गेलं. शिक्षण क्रायोवा आणि बुखारेस्टला. १९०४ मध्ये पॅरिस. १९०७ मध्ये रोदँ या नामवंत फ्रेंच शिल्पकाराच्या कार्यशाळेत काम मिळालं, पण तिथे तो फार टिकला नाही. मातीत घडवून साच्यातून ओतण्यापेक्षा दगड थेट कोरायचा, हा त्याचा मार्ग त्याच सुमाराला ठरला. नंतर पक्षी हा विषय त्याने जवळजवळ तीस वर्षं सोडला नाही. रुमानियन लोककथांमधल्या मायास्त्रा पक्ष्यापासून सुरुवात झाली. १९२३ पासून पंख, चोच, पाय सगळं गळून उंच, निमुळता, हाताने घासून चकाकी आणलेला एकच आकार उरला. त्याला अमूर्त म्हटलेलं त्याला स्वतःला मुळीच खपत नसे. वस्तूचं सत्य तिच्या बाहेरच्या रूपात नसून गाभ्यात असतं, तेव्हा आपलंच काम खरं वास्तववादी, असं त्याचं म्हणणं. समीक्षकांनी ते ऐकून घेतलं आणि अमूर्त म्हणणं चालूच ठेवलं.

यातला एक पक्षी १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात अडकला. कलाकृतीला जकात माफ होती. अधिकाऱ्यांनी मात्र तो स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयीन साहित्य यांच्या वर्गात टाकून ४० टक्के जकात लावली. खटला उभा राहिला आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. निसर्गातल्या कशाचीही नक्कल न करणारी वस्तूही शिल्प असू शकते, हे कोर्टाने मान्य केलं. त्याच वर्षी पुण्यात, तेव्हाच्या भांबुर्ड्यात, नानासाहेब करमरकरांनी घडवलेल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं. आपल्याकडे शिल्पाची कसोटी हुबेहूबपणा हीच होती. सार्वजनिक चौकांपुरतं बोलायचं तर ती आजही फारशी बदललेली नाही.

त्या काळात एका मराठी राजघराण्यातल्या पंचविशीच्या माणसाने असला पक्षी विकत घ्यावा, हे म्हणून लक्षात घेण्यासारखं. महाराजांनी एका तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३० नंतर माणिकबाग महाल बांधून घेतला होता. आतलं सामान पॅरिस-बर्लिनच्या ताज्या घडणीचं. एका फ्रेंच मध्यस्थामार्फत १९३३ मध्ये त्यांनी कांस्याचा पक्षी घेतला. मग संगमरवराचे दोन सांगितले, एक पांढरा, एक काळा. १९३६ पर्यंत तिन्ही त्यांचे झाले. याच व्यवहारातून मंदिराची कल्पना वाढत गेली. त्याची जी वर्णनं मागे उरली आहेत ती अशी: खिडक्या नाहीत, आत शिरायला भुयारी वाट, मधोमध पाण्याचं कुंड, भोवती तीन पक्षी, आणि छतातल्या झरोक्यातून ठरावीक वेळी कांस्याच्या पक्ष्यावर पडणारं ऊन. ओक लाकडाची एक उंच मूर्तीही त्यासाठी योजली होती; तिला ब्रांकुसीने बुद्धाशी जोडलेलं नाव दिलं होतं.

आता वादाचा मुद्दा. हे मंदिर महाराणींचं स्मारक होतं, असं सर्रास लिहिलं जातं. दिवंगत राणी, शोकाकुल राजा, पांढरा संगमरवर. ताजमहालाचा ओढा कथाकारांना आवरत नाही. पण महाराणी संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या त्या १९३७ मध्ये. पक्षी त्याआधीच विकत घेतलेले होते आणि मंदिराचं बोलणंही त्याआधीचं. स्मारकाचा अर्थ नंतर चिकटला असेल, त्यांच्या मृत्यूनंतर महाराजांच्याही मनात आला असेल. मूळ योजना मात्र ध्यानाच्या जागेची होती.

त्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९३७ संपता संपता, ब्रांकुसी भारतात आला. महाराजांची भेट झालीच नाही, असं बहुतेक वृत्तांत सांगतात. कारण कोणी शिकार सांगतं, कोणी आजारपण, कोणी पत्नीवियोग. १९३८ च्या सुरुवातीला तो परत गेला आणि विषय संपला. यावरून लहरी संस्थानिकाने थोर कलावंताला ताटकळत ठेवलं, असा सूर लावला जातो. तो मला पटत नाही. त्याच महिन्यांत रुमानियात तिर्गू ज्यू इथे ब्रांकुसीचं दुसरं मोठं काम चालू होतं, ते पाहिलं की इंदूरचं खरं दुखणं कळतं. तिथे जिल्ह्यातल्या स्त्रियांची संघटना मागे होती, तिच्या अध्यक्षा पंतप्रधानांच्या पत्नी, एक खमका अभियंता होता आणि बिडाचे भाग ओतायला खाणपट्ट्यातला कारखाना होता. २९ मीटरांहून उंच ‘अनंत स्तंभ’ १९३८ मध्ये रीतसर खुला झाला. इंदूरकडे होती एकाच माणसाची हौस. तो माणूस खचला तेव्हा काम पुढे रेटणारं दुसरं कोणी नव्हतं.

अर्थात मागे मंडळी असली तरी पुढचे राज्यकर्ते सांभाळतीलच असं नाही. कम्युनिस्ट राजवटीत स्थानिक सत्ताधाऱ्यांनी तोच स्तंभ ट्रॅक्टर लावून ओढून पाहिला. तो पडला नाही. १९५१ मध्ये तिथल्या विद्वानांनी ब्रांकुसीची कला मोडीत काढली. १९५२ मध्ये त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतलं, कार्यशाळा मृत्युपत्राने फ्रेंच सरकारला दिली आणि मार्च १९५७ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. तिर्गू ज्यूचं शिल्पसंकुल २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

इंदूरचे पक्षी पांगले. संगमरवराचे दोन्ही १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय संग्रहासाठी घेतले, ते कॅनबेराला आहेत. कांस्याचा कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला. लाकडी मूर्ती न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात गेली. माणिकबागेतल्या सामानाचा १९८० मध्ये मोंटे कार्लोला लिलाव झाला. महालात केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याचं कार्यालय आलं; न्यूयॉर्कच्या बंदरातला तो पक्षी ज्याच्या तावडीत सापडला होता, त्याच जातीचं खातं. पुण्याहून इंदूरला जाणाऱ्यांनी राजवाडा पाहावा, लालबाग पाहावी. ब्रांकुसीसाठी मात्र तिकडे जाऊन उपयोग नाही. मंदिराचा पायासुद्धा कधी खणला गेला नाही.